जंगल मोजायचे कसे?

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण, स्मरणिकेसाठी थोडे नीटनेटके करून)



संयोजकांनी प्रत्येकाला सांगितले होते, "आयुष्यभर काय केलेस ते वीस मिनिटांत सांग." बँकेतल्या, दवाखान्यातल्या, शिक्षक झालेल्या मित्रांचे काम सगळ्यांना कळते. माझी पंचाईत अशी की मी जंगल मोजत होतो असे म्हटले की समोरचा हसतो आणि विचारतो, "म्हणजे झाडं मोजायचास का बाप्पा?" उत्तर आहे, हो. झाडेच मोजायचो. पण का आणि कशी, हे आज सांगतो. शेवटी आपल्या शाळेच्या आवाराबद्दलही बोलणार आहे, कारण दुपारच्या बैठकीत त्याविषयी दोन प्रस्ताव येणार आहेत.

एक योगायोग आधी सांगतो. डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण ही संस्था १ जून १९८१ रोजी स्थापन झाली. म्हणजे आपण दहावीची परीक्षा देऊन मोकळे झालो त्याच उन्हाळ्यात. १९८७ पासून ही संस्था साधारण दर दोन वर्षांनी देशातील वनांचा अहवाल काढते. वर्तमानपत्रात "वनक्षेत्रात वाढ" किंवा "घट" असा मथळा येतो, तो या अहवालावरून. मी नागपूरहून निघणाऱ्या सर्वेक्षण तुकड्यांबरोबर दिवाळीनंतर बाहेर पडायचो आणि होळीच्या सुमारास परत यायचो. हातात टेप, कंपास, नकाशा आणि पुढे पुढे जीपीएस.

झाडे मोजण्याची ही रीत जुनी आहे. इंग्रजांच्या काळात डिट्रिख ब्रँडिस नावाचा जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ १८५६ साली ब्रह्मदेशातील पेगूच्या जंगलात गेला. तेथे त्याने ठरावीक वाटांनी फिरत दोन्ही बाजूंची सागाची झाडे घेराप्रमाणे वर्ग पाडून मोजली आणि त्यावरून दरवर्षी किती झाडे तोडली तर जंगल टिकेल याचा हिशेब मांडला. पुढे १८६४ साली तो हिंदुस्थानचा पहिला वन महानिरीक्षक झाला. त्याला लाकूड हवे होते. आज आपल्याला लाकडाच्या बरोबरीने हवेतला कार्बन कुठे साठला आहे हे हवे आहे. हेतू बदलला, पण झाडाच्या खोडाला टेप गुंडाळणे काही सुटले नाही.

आता मुद्द्यावर येतो. शंभर चौरस किलोमीटरच्या जंगलातले प्रत्येक झाड मोजणे शक्य नाही. आपल्याकडे म्हणतात, शितावरून भाताची परीक्षा. प्रश्न एवढाच की शीत कुठून उचलायचे? रस्त्याजवळचे उचलले तर जंगल विरळ दिसेल, कारण रस्त्याजवळ तोड जास्त. नाल्याकाठचे उचलले तर घनदाट दिसेल. म्हणून जागा आपण निवडायचीच नाही. ती नकाशावर आधीच ठरते आणि तिथे पोहोचावेच लागते, मग तिथे काटेरी झुडूप असो, कडा असो की अस्वलाची गुहा.

त्या बिंदूवर एक चौकोनी तुकडा आखतात. आम्ही बरीच वर्षे जो तुकडा आखला त्याची बाजू ३१.६२ मीटर. हा विचित्र आकडा कुठून आला, तर त्याचे क्षेत्रफळ बरोबर १,००० चौरस मीटर होते, म्हणजे एक हेक्टरचा दहावा भाग. मधोमध खुंटी ठोकायची आणि चार कोपऱ्यांकडे २२.३६ मीटर मोजायचे. तो कर्णाचा अर्धा भाग. पायथागोरसचा सिद्धांत आयुष्यात कुठे कामी येणार, असे आपल्यापैकी अनेकांनी गणिताच्या तासाला म्हटले होते. मला तो रोज कामी आला. चढावर टेप जमिनीला टेकवून चालत नाही, आडवे अंतर धरावे लागते, म्हणून कोनाचाही हिशेब करावा लागतो.

तुकड्यात दहा सेंटीमीटरपेक्षा जास्त जाडीचे प्रत्येक झाड नोंदवायचे. जात कोणती, घेर किती. घेर जमिनीपासून १.३७ मीटरवर, म्हणजे साधारण छातीच्या उंचीवर घेतात. उतारावर झाड असेल तर चढाच्या बाजूने उंची धरायची. त्या उंचीच्या खालीच झाड दुभंगले असेल तर दोन खोडे समजायची. टेपखाली वेल अडकली असेल तर ती बाजूला करायची. हे नियम क्षुल्लक वाटतील, पण वीस वर्षांनी दुसरा माणूस त्याच झाडाशी गेला आणि त्याने टेप वेगळ्या उंचीवर लावला, तर झाड वाढले की माणसाची सवय बदलली हेच कळणार नाही. झुडपांसाठी तीन मीटरचा आणि गवतासाठी एक मीटरचा छोटा चौकोन आखायचा, पडलेला पालापाचोळा आणि वाळकी लाकडे तोलायची, आणि एक फूट खोल खड्डा करून माती घ्यायची.

माती कशाला, असे तुम्ही विचाराल. जंगलात कार्बन पाच ठिकाणी साठतो: जमिनीवरचे झाड, जमिनीखालची मुळे, मेलेले लाकूड, पालापाचोळा आणि माती. भारताच्या वनांतला निम्म्याहून अधिक कार्बन मातीत आहे. म्हणजे झाड तोडून नेले तर एक नुकसान, आणि उघडी पडलेली माती उन्हाने तापली, पावसाने वाहून गेली तर दुसरे. हे दुसरे नुकसान डोळ्यांना दिसत नाही.

आता जंगल प्रौढ आहे की कोवळे, हे कसे ओळखायचे? एका झाडाचे वय काढता येते. आपल्या सागवानात वर्षाला एक वलय पडते, खोडात बारीक पोकळ गिरमिट घालून पेन्सिलीएवढा नमुना काढला की वलये मोजता येतात. पण जंगलाचे वय म्हणजे एका झाडाचे वय नव्हे. आम्ही घेरांचा तक्ता मांडतो. निरोगी, प्रौढ जंगलात बारीक झाडे खूप, मध्यम त्याहून कमी, आणि प्रचंड घेराची मोजकी असतात. वर उंच छत, खाली दुसरा थर, त्याखाली झुडपे, वाळून उभी असलेली खोडे, त्यांत सुतारांची आणि पोपटांची घरटी, जुन्या वेली. लागवडीच्या सागवनात सगळी झाडे एका घेराची, वर्गातल्या रांगेत उभी असल्यासारखी. आणि तिसरा प्रकार जास्त काळजीचा. मोठी झाडे आहेत, मध्यम आहेत, पण रोपटी नाहीत, कारण दरवर्षी वणवा लागतो आणि उरलेली ढोरे खातात. वरून हे जंगल छान दिसते. पण त्याची अवस्था पोरे पुणे-मुंबईला गेलेल्या गावासारखी असते. घरे उभी आहेत, कवेलू शाबूत आहेत, पण अंगणात लहान मूल नाही.

प्रौढ जंगल पाहायचे असेल तर गडचिरोली जिल्ह्यात आलापल्लीला जा. तिथे सुमारे सहा हेक्टरचा एक तुकडा 'वनवैभव' म्हणून राखला आहे. २०१४ साली त्याला जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. तिथल्या सागाखाली उभे राहिले की कळते, आपण ज्याला एरवी साग म्हणतो तो अजून बालवर्गात आहे.

कार्बनचा हिशेब मात्र फार अवघड नाही. घेरावरून जाडी काढायची. जाडी, उंची आणि लाकडाची घनता यांवरून सूत्राने झाडाचे वाळलेले वजन काढायचे. ही सूत्रे कोणी घरी बसून केलेली नाहीत. कधीतरी काही झाडे खरोखर तोडून, तुकडे करून, वाळवून, तोलून ती बसवलेली आहेत. वाळलेल्या वजनापैकी साधारण ४७ टक्के कार्बन धरतात. तो कार्बन हवेतल्या किती कार्बन डायऑक्साइडचा, हे काढायला ४४ भागिले १२, म्हणजे ३.६७ ने गुणायचे. रसायनशास्त्राच्या बाई इथे बसल्या आहेत, त्या मान डोलवत आहेत, म्हणजे बरोबर आहे.

काल संध्याकाळी मी आपल्या शाळेच्या मैदानाकडेचा मोठा कडुनिंब मोजला. घेर २ मीटर ४० सेंटीमीटर, उंची सुमारे १५ मीटर. सर्वसाधारण सूत्राने त्याचे जमिनीवरचे वाळलेले वजन तीन टनांच्या आसपास येते. त्यात कार्बन जवळपास दीड टन. म्हणजे या एका झाडाने हवेतून पाच टनांपेक्षा जास्त कार्बन डायऑक्साइड ओढून धरून ठेवला आहे. एक लिटर पेट्रोल जाळले की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. लिटरला पन्नास किलोमीटर देणाऱ्या मोटारसायकलवर कोणी देवळी ते वर्धा रोज जाऊन येत असेल, सुटी न घेता, तर त्याच्या जवळपास आठ वर्षांच्या धुराएवढा हा साठा आहे. एका झाडासाठी हा अंदाज बराच मागेपुढे होऊ शकतो. मोकळ्यावर वाढलेल्या झाडाचा विस्तार वेगळा, जंगलातल्याचा वेगळा. शेकडो झाडांच्या बेरजेत अशा चुका एकमेकींना खातात. पण सूत्रच चुकीच्या जातीचे वापरले तर बेरजेतही चूकच राहते.

मग उपग्रह कशाला, असे आमचे जुने मुकादम विचारायचे. एवढी पायपीट करायची तर आकाशातून कोण काय पाहते? उपग्रहाचे काम वेगळे आहे. तो प्रत्येक ठिकाणी पोहोचतो आणि पुन्हा पुन्हा पोहोचतो. भारताचा नियमित वापराचा पहिला दूरसंवेदन उपग्रह आयआरएस-१ए १७ मार्च १९८८ रोजी सोडला गेला. देशाच्या वनांच्या अहवालासाठी पुढे ज्या रिसोर्ससॅट उपग्रहाची चित्रे वापरली गेली, त्यातला एक ठिपका जमिनीवर २३.५ मीटर बाजूचा असतो. म्हणजे सुमारे साडेपाच आर, किंवा कबड्डीची चार मैदाने. त्या चार मैदानांत मिळून किती छत्र आहे, तेवढे त्याला कळते. त्यावरून वर्ग पाडतात. छत्र ७० टक्के किंवा अधिक असेल तर अतिघन वन, ४० ते ७० मध्यम घन, १० ते ४० विरळ. मग प्रत्येक वर्गात आणि वनप्रकारात आमच्या तुकड्यांवरून हेक्टरी कार्बनची सरासरी काढायची आणि उपग्रहाने दिलेल्या क्षेत्रफळाने गुणायची. खोड आम्ही मोजले, पसारा त्याने मोजला. दोन्ही जोडले की राज्याचा आकडा मिळतो.

यात आपल्या भागाची एक गंमत आहे. आपले जंगल पानझडीचे. सेलू तालुक्यातले बोरचे जंगल घ्या. १९७० पासून अभयारण्य, २०१४ पासून व्याघ्र प्रकल्प. दिवाळीच्या सुमारास गेलात तर सागाच्या पानांनी आभाळ दिसत नाही. मार्चमध्ये गेलात तर तीच टेकडी करडी, उघडी. मार्चचे चित्र घेतले तर जंगल नाहीसे झाले असे वाटेल, आणि पावसाळ्यात ढगांमुळे काहीच दिसत नाही, शिवाय धुऱ्यावरचे गवतही हिरवे. म्हणून ऑक्टोबर ते डिसेंबर या काळातली चित्रे घेतात. दोन वर्षांची तुलना वाचताना दोन्ही चित्रे एकाच हंगामातली आहेत ना, हे आधी विचारायला हवे.

उपग्रहाची खरी अडचण दुसरी आहे. त्याला पाने दिसतात, खोड दिसत नाही. छत एकदा मिटले की वीस वर्षांची लागवड आणि शंभर वर्षांचे जंगल वरून सारखेच हिरवे. यावर आता उपाय निघत आहेत. २०१८ च्या डिसेंबरमध्ये आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाकडे गेडी नावाचे उपकरण गेले. ते लेसरचा झोत खाली टाकते, शेंड्यावरून परतलेला प्रकाश आणि जमिनीवरून परतलेला प्रकाश यांतला फरक मोजून झाडांची उंची आणि थर सांगते. ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून आपली इस्रो आणि अमेरिकेची नासा यांचा निसार उपग्रह गेला. त्याच्या दोन रडारांपैकी एकाची लहर सुमारे २४ सेंटीमीटर लांबीची. अशी लहर ढगांतून जाते, बारीक पानांतून बरीचशी आत शिरते आणि फांद्या-खोडांवरून परत येते. दर बारा दिवसांनी तो त्याच जागेवर येतो. पण या यंत्रांनाही शेवटी जमिनीवरचा ताळा लागतो. तो ताळा टेपनेच द्यावा लागतो.

आता एक आकडा सांगतो, तो लक्षात ठेवा. २०२१ च्या अहवालात महाराष्ट्राचे वनाच्छादन ५०,७९८ चौरस किलोमीटर होते, राज्याच्या सुमारे साडेसोळा टक्के. त्यात अतिघन वन ८,७३४, मध्यम घन २०,५८९ आणि विरळ २१,४७५. या वनाच्छादनाची व्याख्या अशी की किमान एक हेक्टर जागा, किमान दहा टक्के छत्र, मग जमीन सरकारी असो की खाजगी, झाडे जंगलाची असोत की आमराईची. व्याख्येत लपवाछपवी नाही, ती अहवालातच छापलेली असते. पण मथळा वाचणाऱ्याला ती माहीत नसते. एकीकडे शंभर हेक्टर जुने जंगल गेले आणि दुसरीकडे शंभर हेक्टर नवी लागवड वाढली, तर वनाच्छादनाचा आकडा जागचा हलत नाही. कार्बनचा मात्र हलतो, आणि तो भरून यायला आपल्या नातवंडांचे आयुष्य जाते. २०१४ साली ४०३ जातींच्या झाडांवरचा एक जागतिक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात बहुतेक जातींमध्ये झाड जितके मोठे तितके ते वर्षाला अधिक वजन वाढवते, असे दिसले. म्हातारे झाड नुसते उभे असते, ही समजूत बरोबर नाही. ते अजून कमावते.

हे सगळे मी कोणाला सांगतो आहे? आपल्यापैकी निम्मे अजून कास्तकार आहेत. पऱ्हाटी, तूर आणि सोयाबीनच्या भावाने दमलेले. काहींना विचारणा झाली आहे, धुऱ्यावर झाडे लावा, कार्बनचे पैसे देतो, इथे सही करा. अशा सगळ्या योजना खोट्या नसतात. पण सही करण्यापूर्वी पाच गोष्टी कागदावर लिहून मागा. एक, झाडे कोण मोजणार, किती वर्षांनी, आणि मोजणीचा खर्च कोणाचा. दोन, करार किती वर्षांचा, आणि त्या काळात वावर विकले, वाटणी झाली तर काय. तीन, झाड वाळले, जळाले, वादळात पडले तर पैसे परत द्यावे लागतील का. चार, एक कार्बन क्रेडिट म्हणजे एक टन कार्बन डायऑक्साइड, तर विक्रीतला किती हिस्सा तुमचा. पाच, आधीपासून उभी असलेली झाडे हिशेबात आहेत का. बहुतेक ठिकाणी नव्याने वाढलेलाच साठा धरतात. कोवळ्या रोपाला एक टन व्हायला बरीच वर्षे लागतात, हे आता तुम्हाला हिशेबाने कळले आहे. कोणी पहिल्याच वर्षी मोठी रक्कम सांगू लागला तर त्याला फक्त विचारा, "घेर किती धरला?"

आता शाळेचा विषय. दुपारच्या बैठकीत पहिला प्रस्ताव आहे, स्नेहमेळाव्याची आठवण म्हणून एक हजार झाडे लावायची. दुसरा आहे, तुकडीच्या निधीतून मैदानाकडेला पक्का रंगमंच बांधायचा. दोन्ही प्रस्ताव चांगल्या मनाने आले आहेत आणि मांडणारे माझे जिवलग मित्र आहेत. पण आराखड्यात रंगमंच जिथे दाखवला आहे तिथे तीन कडुनिंब उभे आहेत, आणि काल मी मोजलेला त्यांतलाच एक. कोणीतरी म्हणाले, तीन तोडू, हजार लावू. म्हणून हिशेब मांडतो. पाच वर्षे जगलेले, पंचवीस सेंटीमीटर घेराचे, पाच मीटर उंचीचे कडुनिंबाचे रोपटे त्याच सूत्राने तेरा-चौदा किलो भरते. एका मोठ्या निंबाएवढे वजन व्हायला अशी दोनशेहून अधिक झाडे पाच वर्षे जगायला हवीत. तीनही झाडे त्याच घेराची धरली तर सातशेच्या आसपास. आपल्या उन्हाळ्यात, पाणी घालायला कोणी नसताना, हजारातली सातशे जगतील का, याचे उत्तर इथल्या प्रत्येक कास्तकाराला ठाऊक आहे. आणि सातशे जगली तरी पाच वर्षांनी आपण फक्त आज आहोत तिथेच येतो. सावलीचा तर हिशेबच मी केलेला नाही.

माझी विनंती अशी. रंगमंच पूर्वेच्या भिंतीकडे सरकवता येतो का ते पाहा. खर्च थोडा वाढेल, त्यातला माझा वाटा मी आजच देतो. हजाराऐवजी पन्नास झाडे लावू, प्रत्येक झाड एकाच्या नावावर, आणि तीन उन्हाळे पाणी घालण्याची मजुरी आधीच बाजूला काढू. आणि तिसरे, आठवी-नववीच्या मुलांच्या हातात एक टेप आणि एक वही देऊ. आवारातल्या प्रत्येक झाडाला क्रमांक, जात, घेर, उंची. उंचीसाठी यंत्र नको. झाडाच्या बुंध्यापासून इतके मागे जायचे की शेंडा ४५ अंशांत दिसेल. तेवढे अंतर अधिक आपल्या डोळ्यांची उंची, म्हणजे झाडाची उंची. चौकोनी कागद कोनाकोनी दुमडला की ४५ अंश तयार. दरवर्षी त्याच महिन्यात, त्याच उंचीवर टेप लावायचा. दहा वर्षांनी या वहीत जे असेल ते आकाशातला कोणताही उपग्रह एकट्याने सांगू शकणार नाही.

आता देवळीला रेल्वेही आली आहे. पुढच्या मेळाव्याला यायला कोणाला सबब राहिलेली नाही. येताना वही पाहू.

गुरुजनांनी मला गुणाकार, कर्ण आणि कोन शिकवले, त्यावर माझे पोट भरले.